गोऱ्यांची डुकरं आणि आमची सोयरिक

माझ्या धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी जाळ्यात पकडलं आणि त्यांच्या पाठीवर बसलो, हे खरं आहे. पण लोक सांगतात तितका वेळ मी बसलेलो नव्हतो.

मूळ दोष सरकारचा. लढाईच्या काळात आमच्या पलूसकडच्या माळावर गोऱ्या सोल्जरांची छावणी पडली होती. त्यांच्या जेवणाची सोय म्हणून एका ठेकेदारानं तिथं डुकरं पाळली होती. गुलाबी, गुबगुबीत, विलायती! लढाई संपली, छावणी उठली. तंबू, पत्रे, टेबलं, अगदी संडासाच्या बादल्यासुद्धा लिलावात गेल्या. डुकरांना मात्र कुणी बोली लावली नाही. ठेकेदारानं कुंपणाचं दार उघडलं, डुकरांना स्वातंत्र्य दिलं आणि तो निघून गेला. (देशाला ते मिळायला अजून अवकाश होता. डुकरांचा नंबर आधी लागला!)

स्वतंत्र झालेली डुकरं तडक आमच्या उसात शिरली. बघता बघता गुलाबी कातडी गेली, अंगावर राठ केस आले, आणि डोंगराकडच्या रानडुकरांशी त्यांनी सोयरिकीही जमवल्या. पोटापुरता ऊस खाल्ला असता तर आम्ही समजून घेतलं असतं. पण एक ऊस खायचा आणि दहा आडवे करायचे, ही कुठली रीत? भुईमूग उकरला, बांध फोडले, पाटाचं पाणी भलतीकडं वळवलं. ओढ्याच्या काठचा लव्हाळा त्यांनी मुळासकट उपटला, तेव्हा वळवाच्या एका सरीत काठ ढासळून ओढ्यात आला. पाणी असं गढूळलं, की म्हशींनी नाक मुरडलं. (म्हशींनी!) रानातली टिटवीची, तितराची अंडीही त्यांनी फस्त केली. आई म्हणायची, "टिटवी वरडली की अपशकुन म्हणत हुतो. आता वरडतच न्हाई, तर जास्त भ्या वाटतंय."

गावानं अर्थातच समिती नेमली. पहिल्या सभेत डुकरांचा एकमतानं निषेध झाला. दुसऱ्या सभेत नावावरून भांडण लागलं. 'डुक्कर निर्मूलन समिती' म्हटल्यावर आमच्या शेजारच्या रानाचे मालक मगदूमआण्णा उठून उभे राहिले. आण्णा जैन, मुंगी ओलांडून चालणारा सज्जन माणूस.

"निर्मूलन म्हंजे मारणं आलं. आपल्याला जमायचं न्हाई. निवारण म्हना."

"निवारण म्हंजे काय, आण्णा?" आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी विचारलं.

"हाकलायचं."

"कुठं?"

"ते ज्याच्या त्याच्या कर्मावर."

आण्णांच्या डुकरांचं कर्म नेहमी आमच्या रानात निघायचं. संध्याकाळी आण्णा हात जोडून, "जावा बाबांनो, सुखी ऱ्हावा," म्हणत कळप आमच्याकडं हाकलायचे. पहाटे दादा शिव्या देत तोच कळप आण्णांकडं परत पाठवायचे. गावातल्या प्रत्येकानं आपल्यापुरतं डुक्कर-निवारण केलेलं होतं आणि डुकरांची संख्या वाढत होती!

अशा वेळी मी लष्करातून सुटून घरी आलो. गावाला वाटलं, देव पावला. मी खेचरांच्या कंपनीत होतो. लढाईत मी खेचरांना पाणी पाजलं, त्यांच्या लाथा खाल्ल्या, आणि इटलीतला चिखल तुडवला. पण फलाटावर उतरताना माझ्या अंगावर खाकी कोट होता, आणि गावानं तेवढ्यावर निकाल दिला.

"जर्मन पळवलास, गड्या! डुकरं म्हंजे तुला काय!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण गळ्यात हार पडल्यावर माणसाची मान हलत नाही.

मी कामाला लागलो. प्रथम बुजगावण्याला माझा खाकी कोट घातला. डुकरांनी त्याला अंग घासून तिरकं केलं आणि दुपारी त्याच्या सावलीत पडली. मग कुणीतरी सांगितलं, माणसाचे केस बांधावर पसरले की वास घेऊन डुक्कर फिरकत नाही. झालं! दादांनी अख्ख्या भावकीचे चकोट करून घेतले. केसांनी दोन दिवस गुण दिला. मग वारा सुटला आणि सगळे केस आमच्याच विहिरीत गेले. तिसरा उपाय मिरच्यांच्या धुरीचा. वारा फिरला, आम्ही ठसकत, शिंकत, रडत बांधावर बसलो आणि डुकरं आमच्यासमोर शांतपणे ऊस चघळत राहिली.

"तुमी जर्मनला असंच पळवलं व्हय?" माझी बहीण हौसा नाक पुसत म्हणाली. हौसाची जीभ गावात प्रसिद्ध होती. तिचं लग्न जमत नव्हतं ते त्यामुळंच.

आणि नेमकी तेव्हाच मलकापूरची सोयरिक चालून आली. मुलगा जयसिंग, घरचा बागाईतदार. त्याचे वडील बापूसाहेब फार चौकस. मध्यस्थाकडं दादांनी बढाई मारली होती, "आमचा ऊस? आवं, हत्ती शिरला तर दिसायचा न्हाई!" हत्तीचं माहीत नाही, डुकरं मात्र खरंच दिसत नव्हती, फक्त खाल्लेला ऊस दिसत होता.

पाहुणे येणार त्या दिवशी दादांनी मला बाजूला घेतलं. "शंकर, जेवणं झाली की बापूसाहेब ऊस बघायला म्हणतील. त्याच्या आत डुकरं काढ. न्हाईतर पोरगी घरात ऱ्हाईल आन् तू घराबाहेर!"

मी लष्करी बेत आखला. ओढ्याकडून हलगी, डबे वाजवत माणसं येतील. डुकरं उसातल्या वाटेनं घराच्या अंगाला पळतील. तिथं वाटेवर शिकाऱ्यांकडून आणलेलं जाड जाळं, आणि जाळ्यामागं मी. पकडलेली डुकरं मिरजेचा एक व्यापारी जिवंत नेणार, म्हणून मगदूमआण्णांनीही परवानगी दिली. वर स्वतः थाळी वाजवायला आले. सगळं ठरलं होतं. फक्त एक गोष्ट आम्ही धरून चाललो होतो, ती म्हणजे रेल्वेगाडी नेहमीसारखी उशिरा येणार.

त्या दिवशी गाडी वेळेवर आली!

मला याचा पत्ता नाही. मी जाळ्यामागं दबा धरून बसलेला. ओढ्याकडून गजर सुरू झाला. ऊस सळसळायला लागला. सळसळ माझ्याकडं आली. धापा ऐकू आल्या, मग घुरघुर, मग काहीतरी गोल, काळं, दांडगं असं धाडकन जाळ्यावर आदळलं. इटलीतल्या सगळ्या खेचरांचं स्मरण करून मी झेप घेतली, जाळं गुंडाळलं आणि वर बसलो.

"धरलं! धरलं! लय मोठं हाय!"

"आवं सोडा! मरतोय!" खालून आवाज आला.

मी थबकलो. माणसांत राहून डुकरं बोलायला लागतात की काय, असं एक क्षण मला खरंच वाटलं. त्या क्षणामुळंच मी आणखी थोडा वेळ बसून राहिलो.

"उठ की रं, मुडद्या!" दादा धावत आले आणि खाली बघून पांढरेफटक पडले. "आवं... बापूसाहेब!"

काळा कोट, गळ्यात अडकलेला फेटा, एका पायात जोडा. मी उठलो. जाळं सुटेना. मी एक गाठ सोडवायला गेलो आणि तिच्या दोन झाल्या. शेवटी घरातून हौसा विळा घेऊन धावत आली. बापूसाहेबांनी विळा पाहून डोळे मिटले. तिनं कराकरा दोऱ्या कापल्या आणि त्यांना बाहेर काढलं.

आणि डुकरं? डुकरांनी ऐनवेळी वाट सोडली, बांध फोडला आणि आमच्या अंगणात घुसली. अंगणात पाहुण्यांसाठी पानं मांडलेली होती. पुरणपोळ्या, भजी, आमटीचं पातेलं, सगळं त्यांनी पाहुण्यांच्या मानानं स्वीकारलं. आई लाटणं घेऊन एकाच्या मागं धावत होती, दुसरं आईच्या मागं धावत होतं. नवरदेव जयसिंग कडब्याच्या गंजीवर चढून बसला होता.

अंगणात आल्यावर बापूसाहेबांना कंठ फुटला.

"असल्या घरात पोरगं द्यायचं? सोयरिक मोडली! चल रं, जयसिंग!"

दादांनी हात जोडले. आई रडायला लागली. मी काही बोलणार, तोच दादांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी बोलायचं सोडून दिलं. आणि हौसा, जिनं त्या दिवशी मान खाली घालून फक्त नाव सांगायचं होतं, ती विळा हातात घेऊन पुढं झाली.

"जावा. पर एवढं सांगून जावा, मामा. पाहुणं वसरीवर यायचं सोडून उसात कशाला शिरलं हुतं?"

"ते... जरा परसाकडं..."

"हातात उसाचं कांडं घिऊन?"

सगळ्यांनी बघितलं. बापूसाहेबांच्या मुठीत उसाचं कांडं होतं, आणि ते सोलून अर्धं खाल्लेलं होतं. दादांची बढाई खरी की खोटी, हे कुणाला न कळता तपासायला ते गुपचूप आडवाटेनं उसात गेले होते. पेरं मोजली, गोडी बघितली आणि नेमका तेव्हाच डुकरं उठवायचा गजर सुरू झाला!

मग गंजीवरून हसण्याचा आवाज आला. जयसिंग पोट धरून हसत होता.

"आबा, गप बसा आता. पोरगी पसंत हाय मला."

हौसा वर न बघता म्हणाली, "आधी खाली तर उतरा."

"डुकरं गेली का बघून सांगा, मग उतरतो."

मगदूमआण्णांच्या घरून भाकऱ्या आणि आमटी आली, आणि त्या जेवणावर लग्न ठरलं.

डुकरांचं म्हणाल तर, त्या दिवसापासून दादा आणि आण्णा एकमेकांकडं कळप पाठवायला लाजू लागले. ऊस तोडणीला आला, तसे गावातले सगळे ऊस तोडत एका बाजूनं पुढं सरकले. दिवसा डुकरं लपायची ती ओढ्याकाठची काटेरी झुडपं साफ केली, आणि लपायला जागा न उरलेला कळप जाळ्यांत सापडला. मिरजेचा व्यापारी गाड्या भरून घेऊन गेला. त्या वेळी जाळ्यापाशी मला कुणी बसवलं नव्हतं. समितीनं सभा भरवून स्वतःचंच अभिनंदन केलं. ओढ्याकाठी टिटवी परत ओरडायला लागली आणि आईनं पुन्हा कानांवर हात ठेवायला सुरुवात केली.

लग्न थाटात झालं. मानपानाच्या वेळी दादांनी माझ्या हातात शाल दिली. "जा, व्याह्यांच्या अंगावर घाल. सगळं विसरतील."

बापूसाहेब पाठमोरे उभे राहून कुणाशी तरी बोलत होते. म्हटलं, आदरानं मागून हळूच पांघरावी. मी शाल दोन्ही हातांनी उघडली आणि पुढं झालो. खांद्यावर तिची कड लागली मात्र, बापूसाहेब "आवं सोडा!" असं किंचाळून उडाले ते थेट वाजंत्र्यांच्या ताशावर!

त्यानंतर आमच्या घरात चार-पाच लग्नं झाली, पण शाल कधी माझ्या हातात आली नाही. मी पंगतीत मीठ वाढतो. तेही समोरून, आधी खाकरून.