मेस्त्रींच्या गाण्याला दुसरा आवाज

आम्ही सावंतवाडीकडचे. बाबांना डिचोलीजवळच्या एका खाणीच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा राहायला दोन खोल्या मिळाल्या त्या मेस्त्रींच्या घरात. चर्चमध्ये गायला शिकवणाऱ्याला तिथे मेस्त्री म्हणतात. ते कोंकणी भक्तिगीतं रचत आणि गावच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, ती गायली जात. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्यांची फोडणी आम्हाला कळायची आणि आमची आरती त्यांना.

गोवा नुकताच वेगळं राज्य झाला होता. कोंकणी की मराठी यावरून मोठी माणसं तावातावाने बोलत. माझी शाळा कॉन्व्हेंटची. वर्गात इंग्रजी, घरी मालवणी वळणाची मराठी, अंगणात कोंकणी. कोणाशी काय बोलायचं ते मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असे. मग मी बोलणंच कमी केलं. मेस्त्रींच्या बल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, पायरीवर बसून गृहपाठ करणं मला बरं वाटे, कारण ते काही विचारत नसत. व्हायोलिन हनुवटीखाली धरून तीच ओळ वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवत राहत. मला मात्र त्यातली कुठली टिकणार ते आधीच कळायला लागलं होतं.

गोव्यातले ख्रिस्ती लोक एकत्र गातात तेव्हा कोणी न सांगता दोन वाटांनी गातात. काहीजण मूळ चाल धरतात, बाकीचे तिच्या थोडं खालून, तिला टेकून चालतात. हा दुसरा आवाज कोणी शिकवत नाही. मेस्त्रींनी त्यावरच आपली परीक्षा ठेवली होती. नवं गाणं ते घराबाहेर कोणालाही आधी ऐकवत नसत. थेट लोकांत उभे राहून फक्त मूळ चाल गात आणि वाट बघत. बाकांमधून दुसरा आवाज आपसूक उठला तर गाणं राहायचं. नाही उठला, तर ते पुन्हा गायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

आंटी होत्या तोवर तो नेहमी उठला. आंटी म्हणजे त्यांची बायको. बारीक आवाजाच्या, कायम हाताला कोकमाचा डाग असलेल्या. मी पाचवीत असताना त्या गेल्या. त्यानंतर मेस्त्रींनी दोन गाणी लोकांत नेली. दोन्ही वेळा लोक नुसते ऐकत उभे राहिले.

एका संध्याकाळी ते बाबांजवळ बोलले. इतकी वर्षं सगळ्यांत आधी दुसरा आवाज लावायची ती. ती तर आठवडाभर चुलीपाशी तेच गाणं ऐकत असायची. "लोक म्हजें गायन धरताले, काय तिका?" लोक खरंच माझं गाणं धरत होते की तिला, असं त्यांनी विचारलं. आता पुढच्या लादिनीच्या प्रार्थनेला शेवटचं बघायचं. नाही जमलं तर व्हायोलिन कपेलाला देऊन टाकायचं.

"आम्ही येतो मेस्त्री," बाबा म्हणाले. "पण आमच्यावर विसंबू नकात. आमका आरतीशिवाय कायच येना."

"तुमची आरती आयकूनच म्हजे केंस पिकले," मेस्त्री म्हणाले. दोघेही हसले, पण मेस्त्री लवकर थांबले.

ते नवं गाणं मी भिंतीपलीकडून घडताना ऐकलं. आता स्वयंपाकही तेच करत. चालीत अडकले की चुलीवरची पेज विसरत. मग आई इकडून ओरडायची, "मेस्त्रीनू, पेज उतू गेली! तुमचां गाणां देवाक पोचतां, करपल्याचो वास आमकां!"

"वास तरी सुरांत आसा मगो?" तिकडून उत्तर यायचं.

मी भांडी पुसता पुसता तोंड बंद ठेवून त्या चालीच्या खालून चालत असे. आंटींची जागा भरायची वगैरे काही मनात नव्हतं. ते आपोआप व्हायचं.

लादिन म्हणजे मे महिन्यात वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, क्रुसापुढे जमून करायची प्रार्थना; क्रुसाला तिथे खुरीस म्हणतात. आमच्या वाड्यात हिंदूही जात. आईने त्या दिवशी खुरसाला अबोलीचा हार घातला. रविवार असल्यामुळे खनिजाचे ट्रक बंद होते, हवेत लाल धूळ नव्हती. प्रार्थना झाली, उकडलेल्या चण्यांचं टोपलं मागे तयार होतं, आणि मेस्त्रींनी व्हायोलिन उचललं.

पहिलं कडवं ते एकटेच गायले. दुसरंही. लोक चांगल्या मनाने ऐकत होते. कोणी डोळे मिटले होते. मला त्यांचा गज धरलेला हात दिसत होता. तिसऱ्या कडव्याला माझ्या तोंडून दुसरा आवाज निघाला. शाळेत नाव विचारलं तरी ऐकू न जाणारी मी, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

मेस्त्री थांबले. गज खाली घेतला. माझ्याकडे वळून चक्क रागाने म्हणाले, "तूं ओगी राव गो! तुजें धरपाचें ना. तुवें घरांत आयकलां. तूं घरची."

सगळे हसले. माझे कान तापले. आईने माझा हात घट्ट धरला. गप्प राहा, तुझा आवाज मोजायचा नाही, तू घरची आहेस. रागावून बोललेलं ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, कुठली भाषा आपली ते न कळलेल्या मुलीला इतकं साधं आणि इतकं पक्कं कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी ओठ मिटून उभी होते. पहिलं कडवं तसंच गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर मागून, चण्यांच्या टोपल्याजवळून, एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला. पाववाला पोदेर होता. आधी जरा घसरला, मग चालीच्या खाली नीट बसला. त्याच्या बाजूच्या दोन बायका त्याला मिळाल्या. मग पुढची पोरं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कडवी संपली तरी मेस्त्री थांबले नाहीत, पुन्हा पहिल्यावर आले. मग आईने माझा हात सोडला, आणि मीही गायले. या वेळी त्यांनी मला अडवलं नाही.

चणे वाटले गेले. घरी येताना व्हायोलिनची पेटी बाबांनी घेतली होती, ती मेस्त्रींनी दारात परत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते. भिंतीपलीकडे एक ओळ वाजली, मोडली, वेगळ्या वळणाने पुन्हा वाजली. पूर्वी कधी न ऐकलेली. आईने मला खुणेने गप्प केलं. पेज उतू गेल्याचा वास येत होता, पण त्या दिवशी ती ओरडली नाही.