बांधीतला जावई

"आला पाहा आमचा जवाई." बाबाजी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून नुसत्या हनुवटीने दाखवायचे. बोट नाही, जावयाकडे कोणी बोट दाखवत नाही. हनुवटीच्या दिशेला, त्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा सारस जोडीदारासह निवांत उभा असायचा.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं प्रेम तक्रारीवाचून बाहेरच पडत नाही. सिहोऱ्याच्या शाळेत मी मास्तर होतो आणि बाबाजींचं शेत माझ्या वाटेवर होतं, त्यामुळे ही तक्रार मला दर पावसाळ्यात साग्रसंगीत ऐकावी लागे. सारसांची ती जोडी ऐन बांधीच्या मधोमध घरटं करायची आणि त्यासाठी भोवतालची रोपं उपटायची.

"गुरुजी, रोवणा आमी करावा अन् गादी यानं घालावी. वरतून दोघंही नाचून राहिले. कायले येतात माह्याच बांधीत?"

हाकलायचे उपाय त्यांनी केले, नाही असं नाही. दरवर्षी बुजगावणं उभं करायचे. फाटका सदरा, डोक्याला मडकं. सारस त्याच्या शेजारी उभे राहून पंख साफ करायचे. मात्र एकदा गावातला कोणी घरट्यातली अंडी उचलायला उतरला, तेव्हा हेच बाबाजी विळा घेऊन आडवे झाले. "जवाई माहा आहे. शिव्या मीच देईन."

मग तलावाजवळून नवी वीजतार गेली आणि एका सकाळी जोडीतला एक तारेला लागून पडला. सारसांचं ओरडणं दोघांचं मिळून असतं. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने लगेच साथ द्यायची. उरलेला नुसती सुरुवात करायचा आणि थांबायचा. आसपासच्या शिवारातले सारस आधीच संपले होते. बोड्या, म्हणजे लहान तळी, बुजवून शेतं झाली होती, फवारण्या वाढल्या होत्या. हा गेला तर आमच्या भागातला शेवटचा जाणार होता. बाबाजींना जेवण जाईना, असं त्यांच्या बायकोने, म्हणजे आजींनी मला सांगितलं.

शेवटी बाबाजींनीच उपाय शोधला. त्यांनी तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, सारस-नवरी बांधली. बांबूचे पाय, अंगाला राख, डोक्याला लाल फडकं.

"पाहा बरं गुरुजी, नांदन का नाही हा?"

नांदेल, असं मी म्हणालो. खरं तर मान जरा उंटाची झाली होती, पण ते बोलायची वेळ नव्हती.

सकाळी नवरी बांधीत उभी केली. सारस आला. त्याने मान ताठ करून एकवार पाहिलं आणि तलाव ओलांडून नदीकडे उडाला, तो परत आला नाही. बाबाजींचं आयुष्यभरात एकही बुजगावणं लागू पडलं नव्हतं. हे एवढं पडलं.

पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यांना खेकड्यांची भोकं वाढली, बांधीत पाणी ठरेना. सारस खेकडे खायचे हे बाबाजींनी जन्मभर पाहिलं होतं, बोलले मात्र फक्त मोडलेल्या रोपांबद्दल. सगळा दोष एका पाखराच्या जाण्याचा नसेल, असं मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्याच सुमारास तालुक्याच्या एका कार्यक्रमात त्यांना 'सारसमित्र' म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. सारस गेल्यावर. गरज पडली तर दुसरीकडून सारस आणून सोडू, असं एक वक्ता म्हणाला. परतताना बाबाजी शाल काखेत धरून बोलले.

"आनतीन ना. पन पिल्लू मायबापाच्या मांगं मांगं फिरून शिकते. हा तलाव, हे बांधी, सारं. शिकवनारंच गेलं. नव्या पाखराले कोन सांगन, का इथं एक बुढा शिव्या देते अन् राहू देते?"

 

गेल्या थंडीत बाबाजी गेले. यंदा कापणीच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या शेताकडे गेलो. बांधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी भरलेली होती. विळा खाली ठेवून आजी माझ्याकडे आल्या.

"यंदा एकही रोप मोडलं नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.