सहा आठवडे आणि एक लिफाफा

"हाडात गाठ आहे, उद्याच मुंबईला न्या." रत्नागिरीच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं. कोणाला? माझ्या बाबांना. पाय माझा. बावीस वर्षांची मी, दुसरीच्या वर्गाची बाई, समोरच बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुडघ्याच्या वरची सूज दिवाळीपासून होती. शाळेच्या पायरीवर घसरले होते, त्याचंच असेल म्हणून मीही तीन महिने तेल चोळलं. तेवढी चूक माझी, कबूल आहे.

पुढची मात्र माझी नाही. आमच्या गावात कौल लावल्याशिवाय मोठं काम होत नाही. गुरवाने देवाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि बाबांनी विचारलं, "पोरीला आत्ता म्हमईक न्यावी काय?" डावी पाकळी पडली. डावी म्हणजे नाही. शिमगा झाला की पुन्हा विचारायचं ठरलं. मी आईशी भांडले, बाबांशी भांडले, गुरवालाही सोडलं नाही. सहा आठवडे गेले. शिमग्याची पालखी दारात आली तेव्हा मला ओटी भरायला उठता येईना. मग उजवी पडली.

मुंबईच्या हॉस्पिटलात बायॉप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. ऑस्टिओसार्कोमा. हाडातच सुरू होणारा कॅन्सर. अहवालासाठी आठ दिवस तिथल्या एका बाकावर बसून काढले.

मोठ्या डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलचं सांगितलं, म्हणजे उपचारांची पद्धतशीर तुलना. काही रुग्णांना आधी औषधं, मग ऑपरेशन. त्यात कधी कधी पाय वाचतो. बाकीच्यांचं आधी ऑपरेशन, मग तीच औषधं. कोण कुठल्या गटात, ते बंद लिफाफा ठरवणार.

"म्हंजे कौलच की वो!" बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एका कौलाने इथवर आणलं, आता दुसरा लावता?"

डॉक्टरांचं हसू गेलं. खुर्ची ओढून ते पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले. "यातलं चांगलं कोणतं, ते आम्हाला खरंच माहीत नाही. आम्ही निवडायला गेलो तर धडधाकट माणसं एकाच गटात घालू आणि स्वतःलाच फसवू. म्हणून लिफाफा. पण पुढे जे होईल ते सगळं लिहून ठेवतो. आमचं चुकलं तर तेही."

नाही म्हणायचीही मोकळीक होती. मी विचार केला आणि हो म्हटलं. फॉर्म बाबांपुढे सरकवला होता, तो मी ओढून घेतला आणि सही केली.

लिफाफ्यात निघालं, आधी ऑपरेशन. मांडीपासून पाय गेला. नंतर कित्येक महिने औषधं, उलट्या, केस गेलेलं डोकं.

त्या दिवसांत एकदा माझी केस फाइल हाती लागली. 'उशिराचं कारण' या रकान्यात कोणीतरी खरडलं होतं : रुग्णाचा निष्काळजीपणा. मी ओरडले. सगळा वॉर्ड उठून बसला. डॉक्टर आले. मी म्हटलं, "सगळं लिहून ठेवता ना? मग हे खोटं कसं?"

बाबा कोपऱ्यात उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "खोडा ता. मीच थांबवली हिला, सा आठवडे. तसा लिवा." डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

सहा आठवडे आधी आले असते तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." हे उत्तर मला आजही चावतं.

मी वाचले. कुबड्या घेऊन शाळेत उभी आहे. डॉक्टरांचे उपकार मानते, बाबांचेही. राग गेला का? नाही. तुमच्यावर अशी वेळ आली आणि डॉक्टर तुम्हाला सोडून शेजारच्या माणसाशी बोलू लागले, तर त्यांना तिथेच थांबवा. मी तेव्हा गप्प बसून खिडकीतला एक्स-रे बघत राहिले होते.