सिस्टर आता चहा घेतात

सिस्टर कॉफी प्यायच्या त्या रस्त्याकडे तोंड करून. संध्याकाळी पाचला शाळा सुटायची, पोरं स्टेशनच्या रस्त्यानं घराकडे निघायची, धानाच्या बांधीवरची माणसं परतायची. नेमक्या त्या वेळी त्या ओट्यावर खुर्ची टाकायच्या आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून कॉफी ओतत बसायच्या. आमच्या अर्जुनीत कॉफी म्हणजे लग्नाच्या रिसेप्शनला मशीनमधून फेसाळत येणारी वस्तू. ती घरी करून रोज पिणारी बाई आमच्या लेआउटनं पाहिली नव्हती. येणारा-जाणारा थांबला की सिस्टर त्यानं विचारायच्या आधीच सांगायच्या, "कॉफी आहे. बारा वर्षं घेतली नव्हती, आता घेते."

त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. त्या नर्स होत्या म्हणून सगळे सिस्टर म्हणायचे. त्या नावाला दुसरंही एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. हैदराबादला दवाखान्यात नोकरी करत असताना त्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या झाल्या होत्या. त्या मंडळीत प्रत्येक बाईला सिस्टरच म्हणतात. दवाखाना सुटला, पुढे ती मंडळीही सुटली, नाव मात्र दोन्हीकडून चिकटलेलं राहिलं.

त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. गोंदियापासून खाली वडश्यापर्यंतच्या रुळांवर त्यांचं आयुष्य गेलं. बौद्ध कुटुंब. निवृत्तीनंतर बाबांनी स्टेशनजवळच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. शेजारचा प्लॉट आमचा. आम्ही पोवार, सासर-माहेर दोन्ही धानशेतीवालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती आणि तिच्यावरून कढीपत्ता, वर्तमानपत्र, वायरमनचा नंबर, सगळं इकडून तिकडे जायचं. खाण्यापिण्याचं जायचं नाही. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. तसं होत होतं, आणि मी कधी त्यावर विचार केला नव्हता.

बाबांना लकवा मारला तेव्हा सिस्टर हैदराबाद सोडून आल्या. आई आधीच गेलेली, थोरला भाऊ मोहाच्या दारूनं संपलेला. मॉर्मन का झाल्या, असं मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी या भावाचंच नाव घेतलं होतं. तिकडे त्यांना डेंग्यू झाला, तर सोबतच्या एका तेलुगू नर्सच्या मंडळीतल्या बायका पंधरा दिवस जेवण घेऊन आल्या. सिस्टरांचं आडनाव ऐकून कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. आणि दारू चालत नाही म्हटल्यावर त्या तिथंच अर्ध्या मॉर्मन झाल्या. दारूबरोबर तंबाखू, चहा आणि कॉफीही सोडायची होती. त्यांनी चहा-कॉफी एका दिवसात सोडली.

सिस्टर आल्या आणि इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागल्या. सुटी झाली की घरोघरी जाऊन इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग करायच्या. आणि इथंच त्यांचा नियम आडवा यायला लागला. आमच्याकडे घरी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवत नाहीत. सिस्टर हात जोडून म्हणायच्या, "आमच्यात नाही चालत." मग लोकांच्या चौकशा सुरू व्हायच्या. गरम दूध चालते का? चालते. गवती चहाचा काढा? चालतो. थंड झालेला चहा? नाही चालत. बाटलीतला काळा थंडा? तो चालतो. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी त्यांना एकदा गाठलंच, की सिस्टर, थंड्यातही तेच असते जे कॉफीत असते. सिस्टर म्हणाल्या, "असेल गुरुजी. पण मी शब्द दिला तो चहा-कॉफीचा दिला. थंड्याचा मले कोणी मागितलाच नाही."

एकच नकार, पण तो दोन आळ्यांमध्ये दोन तऱ्हांनी ऐकला जायचा. त्यांच्या स्वतःच्या लोकांत बायका तोंड फिरवायच्या, की मोठी झाली, आता आपल्या हातचं चालत नाही. आमच्यासारख्या घरांत मात्र त्या नाही म्हणाल्या की सुटल्यासारखं वाटायचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

माझ्या सासूबाईंना शुगर होती. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना, म्हणून त्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. सिस्टर रोज सकाळी सातला भिंतीला वळसा घालून यायच्या, खाली पाटावर बसायच्या, तो पाय मांडीवर घ्यायच्या आणि जखम धुवायच्या. वास असा यायचा, की मी दारात उभी राहायची. पहिल्याच दिवशी मी चहा विचारला आणि त्यांनी हात जोडले. सासूबाई नंतर मला म्हणाल्या की बरं झालं बाई, तिचाच धरम नाही म्हणते. मलाही तेच वाटलं होतं.

त्या वर्षी सिस्टर परदेशी जायच्या तयारीत होत्या. त्यांच्या पंथाचं जवळचं मंदिर तेव्हा परदेशातच होतं. तिथं मेलेल्या माणसाच्या वतीनंही विधी करता येतात आणि कुटुंब कायमचं एकत्र बांधलं जातं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांना आईसाठी ते करायचं होतं. पासपोर्ट आला होता. हैदराबादच्या चार जणी सोबत होत्या. आत जायला मंडळीच्या प्रमुखाची, बिशपची चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीआधी जे प्रश्न विचारतात त्यात हा चहा-कॉफीचा नियमही येतो. सिस्टरांना त्याची काळजी नव्हती.

बाबा तेव्हा सावरत होते. उजवा हात गेलेलाच, पण डाव्या हातानं एकेक काम शिकत होते. एका सकाळी त्यांनी एकट्यानं स्टोव्ह पेटवला, चहा केला, निम्मा सांडला, आणि उरलेला कपात ओतून लेकीसमोर आणून ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, तुमाले माहीत आहे ना."

मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. बाबांची जीभ अजून जड होती, त्यामुळे एकेक शब्द वेगळा ऐकू आला. तरुणपणी ते लाईनवर असताना एका खेड्यातल्या हॉटेलात त्यांच्या लोकांचे कप बाहेर खुंटीला टांगलेले असत. स्वतः काढायचा, प्यायचा, धुवायचा, परत टांगायचा. एक दिवस बाबांनी तो कप काढला नाही. आत गेले आणि टेबलावरचा सगळ्यांचा ग्लास उचलून चहा प्यायले. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ते लोक माह्या हातचा घेत नव्हते, ते मले समजे. तू काऊन नाही घेऊन राहिली?"

त्या दिवशी सिस्टरांनी चहा घेतला नाही. तो कप तसाच थंड झाला. त्यांनी बिशपना फोन लावला. ते बँकेतून निवृत्त झालेले भले गृहस्थ होते. रागावले नाहीत. वडिलांना समजावून सांगा, गवती चहा करायला सांगा, मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतो, असं म्हणाले. सिस्टरांनी तेही करून पाहिलं. बाबांनी गवती चहा हुंगला आणि बाजूला सारला, "हे दवाई आहे. मी तुले दवाई देऊन राहिलो काय?"

चार-पाच दिवस सासूबाईंचा पाय धुताना सिस्टरांचं लक्ष नसायचं, आणि असं कधी होत नसे. मग त्यांनी बिशपना लांबलचक मेसेज लिहिला. तो त्यांनी मला नंतर दाखवला. त्यात लिहिलं होतं, उद्या सकाळी मी माझ्या वडिलांच्या हातचा चहा घेणार आहे. परवाही घेईन. लपून घेऊन तुमच्यासमोर खोटं उत्तर देणारी मी नाही, म्हणून आधी कळवते. मंदिराच्या यादीतून माझं नाव काढा. मी त्यांना विचारलं, आणि आईचं काय? त्यांनी ओढणीच्या टोकानं मोबाईलची काच पुसली, मग म्हणाल्या, "आई मेल्यावर भेटते का नाही, मले माहीत नाही मॅडम. बाबा आता आहे. ओट्यावर बसून आहे."

बिशपचं उत्तर आलं की दार उघडं आहे, कधीही या. सिस्टर ते वाचून रडल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कप ठेवला तेव्हा त्यांनी तो उचलला आणि पूर्ण प्यायला. बाबांनी विचारलं, साखर जास्त झाली काय? त्या हो म्हणाल्या. बाबांनी दुसऱ्या दिवशीही तेवढीच टाकली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ड्रेसिंग आटोपल्यावर मी सवयीनं म्हटलं, तुम्ही तर चहा घेत नाही. सिस्टर हात पुसत म्हणाल्या, "आता घेते."

मी स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या कोपऱ्यात काठ उडालेला एक कप होता, मजुरांसाठी आणि तसल्याच माणसांसाठी ठेवलेला. माझा हात त्याच्याकडेच गेला. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. माझाच हात. चहा ओतून मी तो बाहेर आणून त्यांच्या हातात दिला. आमचे कप ट्रेमध्ये होते, एकसारखे, निळ्या फुलांचे. सिस्टरांनी ट्रेकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे.

"हा कप कोणाचा?" त्यांनी विचारलं.

सासूबाई भिंतीकडे पाहू लागल्या. पाच-दहा मिनिटांपूर्वी त्यांचा पाय याच बाईच्या मांडीवर होता.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "माहा नियम पुस्तकात छापून होता," त्या म्हणाल्या. "मी वाचून घेतला. वाचून सोडला, सांगून सोडला. तुमचा कुठं लिहून आहे, मॅडम?"

त्या गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला दार वाजलं. त्यांनी पाटावर बसून पाय मांडीवर घेतला, जखम धुतली, पट्टी बांधली आणि उठून गेल्या. मी चहा विचारला नाही आणि त्यांनी वाट पाहिली नाही. जखम भरेपर्यंत, म्हणजे पुढचे दोन महिने, हे असंच चाललं. तो कप मी त्याच दिवशी फोडून टाकला होता, पण कप फोडणं सोपं होतं. त्यांना ट्रेमधला कप देण्याची हिंमत होईना, कारण समोर सासूबाई असत आणि मी नोकरी करणारी, पदवी घेतलेली सून त्यांच्या नजरेला भीत असे.

बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. ते गेल्यावर हैदराबादहून फोन आले. आता तर अडचण राहिली नाही, परत या, असं जुन्या मैत्रिणी मायेनंच म्हणत होत्या. सिस्टरांनी त्यावर बराच विचार केला असावा. मला म्हणाल्या, "बाबासाठी चहा घेतला असं म्हणून परत गेली, तर बाबावर मी दया केली असं होते. मी दया नाही केली. मले पटलं नाही, म्हणून सोडलं." आणि त्यांनी हैदराबादहूनच एका मैत्रिणीकडून कॉफीचं फिल्टर आणि पावडर मागवली. चहा बापाचा होता. कॉफी त्यांची स्वतःची होती, कुणाच्याही आग्रहाची नव्हती. म्हणून ती ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी.

मी रोज शाळेतून येताना त्यांना पाहायची आणि मान खाली घालून फाटक उघडायची. एक दिवस फाटकाला हात लावला आणि उघडवलंच नाही. सासूबाई आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून सिस्टरांकडे गेले आणि म्हटलं, मलाही द्या. त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणली. कॉफी कडू होती, मला अजिबात आवडली नाही. सासूबाई सुपातले तांदूळ तसेच टाकून आत गेल्या आणि आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, आईचा विचार करायचा होतास. मी म्हटलं, केला, बरीच वर्षं केला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

मागच्या वर्षी सिस्टर हैदराबादला परत गेल्या. इथल्या दवाखान्यात त्यांचं मन रमत नव्हतं, आणि बाबांशिवाय घर खायला उठायचं. आता रविवारी कधीकधी त्या जुन्या मंडळीत जातात, सकाळची कॉफी पिऊन, आणि शेवटच्या बाकावर बसून गाणी म्हणतात. परत आलीस का, असं कोणी विचारलं, तर गायला आले, असं सांगतात. त्यांना तिथून कोणी उठवत नाही.

जायच्या दिवशी मी स्टेशनवर पोचवायला गेले. प्लॅटफॉर्मवर माझे चुलतसासरे आणि त्यांच्या गावची चार माणसं वडश्याकडे जायला उभी होती. गाडीचा आवाज आला. सिस्टर माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. मी वाकले, तर त्यांनी दंड धरून मला वर केलं. "पाया नका पडू," त्या म्हणाल्या. "बाबा असता तर जय भीम म्हटलं असतं. म्हणायचं असेल तर ते म्हणा."

हा शब्द मी रोज ऐकत आले होते. शाळेत, बाजारात, भिंतीपलीकडून. माझ्या तोंडून तो कधी निघाला नव्हता. मी म्हटलं, जय भीम. गाडीच्या आवाजात ते विरलं असावं, कारण चुलतसासऱ्यांनी नीट ऐकू आलं नाही अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्याकडे पाहत पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.