गोंदणाला अडलेला उजेड

भडगावात लग्न ठरलं की लोक आधी मांडववाल्याकडे जात की इंदिराबाईंकडे, हे सांगणं कठीण. मांडे करावेत तर त्यांनीच. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा त्या या हातावरून त्या हातावर असा झुलवत की तळव्याएवढी पोळी बघता बघता कोपरापर्यंत लोंबायची. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती अलगद उतरायची. पातळ अशी की आतलं पुरण बाहेरून दिसावं, पण फाटायची नाही. कुणी कौतुक केलंच तर श्रेय देवावर ढकलून म्हणत, "मना काय शे त्यामा? देव करी लेस."

मग त्यांच्या मालकांना, उखर्डू आबांना, लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. मुलाने, हितेंद्रने, त्यांच्या मोबाइलवर इंदिराबाईंचा मोठा फोटो लावून दिला. डाव्या अंगठ्याने फोटो दाबला की बाईंना फोन लागे. एवढ्यावर बरं चाललं होतं. पण एका साखरपुड्याला बाईंचे दोन्ही हात पुरणात असताना पिशवीतला फोन वाजून वाजून गप्प झाला. घरी येऊन बघतात तर आबा खाटेवरून खाली पडलेले, डोळ्यांत पाणी. लागलं फारसं नव्हतं. पण बाईंनी त्याच दिवशी खापर धुऊन माळ्यावर ठेवलं.

"मांडा फाटना ते दुसरा करता येस," त्या म्हणाल्या, "माणूस पडना ते?"

हितेंद्र धुळ्याला नोकरीला. आईने खापर ठेवलं हे त्याच्या जिवाला लागलं. पुढच्या खेपेला तो मनगटावर बांधायचं एक घड्याळ घेऊन आला. "आई, फोन आला की त्याच हाताचं बोट अंगठ्याला दोनदा टेकवायचं, चिमटीसारखं. फोन आपोआप उचलला जातो. दुसरा हात लावायचाच नाही." त्याने स्वतःच्या हातावर बांधून दाखवलं. आतल्या खोलीतून आबांनी फोन लावला, हितेंद्रने हवेत नुसती चिमटी केली, आणि आबांचा श्वास घड्याळातून ऐकू आला. इंदिराबाईंनी त्या घड्याळाला सरळ हात जोडले.

पण मुलगा धुळ्याला परतला आणि घड्याळाने बाईंचं ऐकणं सोडून दिलं. त्या चिमटी करत, ते मख्ख. घटकाभराने काळं पडे आणि पुन्हा उघडायचा नंबर मागे. हितेंद्रने तिकडून व्हिडिओ कॉलवर बघत बघत विचारलं, "आई, कोणतं बोट टेकवतेस? मधलं नको, अंगठ्याजवळचं."

"ते बोट माळेले लावतस नही ना रे."

"आई, हा जप नाही, फोन आहे!"

त्या स्वतःशीच हसल्या. बोट बदललं. तरी नाहीच. पट्टा घट्ट केला, बांगड्या मागे सारल्या, घड्याळ बंद करून चालू केलं. हितेंद्र थकून म्हणाला, "राहू दे आई, मी बदलून आणतो. पण महिना जाईल."

महिना कुठला! शेजारच्या सुनंदाबाईंच्या मोहिनीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. "अक्का, माझी पोर तुझ्या मांड्याशिवाय मांडवात बसायची नाही. खापर उतरव," असं त्या दोनदा सांगून गेल्या. इंदिराबाईंचं एकच उत्तर होतं. घड्याळ चाललं तर येईन, नाहीतर हे खापरही तुम्हीच घेऊन जा.

बसस्टँडजवळ नासीरभाईंचं मोबाइलचं दुकान आहे. हल्ली त्यांची मुलगी नाजमीनच तिथे बसते. इंदिराबाई घड्याळ घेऊन तिच्याकडे गेल्या. तिने घड्याळ आपल्या हातावर बांधलं, चिमटी केली, फोन उचलला. इंदिराबाईंच्या हातावर बांधलं, काही नाही. पुन्हा आपल्या हातावर, चालू. पुन्हा बाईंच्या, बंद.

"घड्याळ ठीक आहे, अक्का."

"मंग मीच बिघडेल शे म्हन की!"

नाजमीन हसली. तिने घड्याळ काढून उलटं धरलं. पाठीवर हिरवा उजेड लुकलुकत होता. "हा उजेड कातडीतून आत जातो. आतलं रक्त वाहताना बघतो. रक्त दिसलं की घड्याळाला कळतं, आपण माणसाच्या हातावर आहोत. मगच ते चिमटीचं ऐकतं." मग तिने बाईंचं मनगट हातात घेतलं आणि थांबली. मनगटावर दाट हिरवंकाळं गोंदण होतं, तुळशीवृंदावनाचं. "इथे अडतोय उजेड. शाई त्याला आत जाऊ देत नाही. घड्याळाला वाटतं, ते टेबलावर पडलंय."

"म्हनजे त्यानासाठे मी नहीच शे का वं?"

"त्याच्यासाठी नाही."

इंदिराबाई गोंदणाकडे बघत राहिल्या. माहेरी, लहानपणी, लिंबाखाली बसून गोंदलेलं. रडत होत्या तेव्हा गोंदणारी म्हणाली होती, रडू नको पोरी, सोनंनाणं बठ्ठं इथंच राहस, हाईच तेवढं देवाघरी संगे येस. जे वर जायचं आहे, त्यापाशी हा उजेड थबकला होता. त्यांना घड्याळाचा राग आला नाही. उलट अंगावर काटा आला.

"आतल्या बाजूला बांधून बघू," नाजमीन म्हणाली आणि घड्याळ फिरवून नाडीवर आणलं. तिथली कातडी कोरी होती. काचेवर एक लाल बदाम उगवला आणि धडधडू लागला.

"हाई काय शे?"

"तुमचं काळीज, अक्का. आत्ता चाललंय ते."

बाईंनी दुसऱ्या हाताने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं त्या पहाटे माळ ओढत होत्या. कधी झोप यायची, कधी दूध उतू जायचं, माळ मध्येच राहायची. आणि आत कुणीतरी जन्मापासून मोजत बसलं होतं, एकदाही न चुकता, त्यांना न सांगता. त्यांनी चिमटी केली. नाजमीनच्या हातातल्या मोबाइलवरून आलेला फोन टक्कन उचलला गेला. पण बाई बदामाकडेच बघत होत्या.

"किती पैसे वं?"

"बांधायचे कसले पैसे? लग्नातला एक मांडा पाठवा."

हळदीच्या दिवशी सुनंदाबाईंच्या अंगणात खापर तापलं. घड्याळ आतल्या बाजूला होतं हे एका अर्थी बरंच झालं, कारण मांडा हाताच्या वरच्या अंगावर झुलतो आणि तिथे काच असती तर तो फाटलाच असता. पहिला निघाला, दुसरा निघाला. तिसरा कोपरापर्यंत लोंबला होता तेव्हा मनगटावर घड्याळ थरथरलं.

इंदिराबाईंना खाटेवरून पडलेले आबा आठवले. त्यांनी डोळे मिटले आणि मांड्याखालीच चिमटी केली. दोनदा.

"फा...ट...ना?" मनगटातून आबांचा आवाज आला.

बायका लाटणी सोडून त्या मनगटाकडे वाकल्या. लकवा झाल्यापासून आबा 'पाणी' आणि 'हां' याच्यापुढे बोलले नव्हते. आणि आता हे! पडले नव्हते, तहान लागली नव्हती. चेष्टा करत होते.

"नही फाटना!" इंदिराबाई ओरडल्या. हसत होत्या की रडत, त्यांचं त्यांना कळत नव्हतं. "तुम्ही नीट शेतस ना?"

"हां."

"मंग ठेवा आते. मांडा हातवर शे."

आबांनी फोन ठेवला नाही. बाईंनीही बंद केला नाही. तिसरा मांडा खापरावर अखंड उतरला, चर्र आवाज झाला, आणि तिकडे खाटेवर पडल्या पडल्या आबा तो ऐकत राहिले. बाईंनी हात पाण्यात बुडवून चौथा गोळा उचलला.