ट्रेमध्ये न मावलेला पाट

मी त्या प्लंबरशी खोटं बोललो आणि दोषही त्याच्याच माथी मारला.

ऐंशीच्या दशकात वडील आमच्याकडे नॉटिंगहॅमला राहायला आले. त्यांच्यासाठी जिन्याखालच्या अरुंद जागेत शॉवर बसवायचा होता. प्लंबर वयस्कर होता. गुडघे टेकून तो प्रत्येक माप तीनदा घ्यायचा. त्याने विचारलं, "डॉक्टर, वडील बसून आंघोळ करतात का? तसं असेल तर भिंत मागे घेतो, शॉवरखाली पाय ठेवायचा काठाचा ट्रे असतो, तो मोठा बसेल."

पाट, बादली, तांब्या हे त्या गोऱ्या माणसाला सांगायची मला लाज वाटली. "नाही, उभ्यानेच. सगळ्यांसारखी."

आठवड्याने वडील त्या ट्रेमध्ये पाटावर बसायला गेले आणि पडले. खुबा मोडला. ते पुन्हा कधीच चालले नाहीत.

"ट्रे हलतो तुमचा!" मी फोनवर ओरडलो. दुसऱ्या दिवशी तो आला. गुडघे टेकून त्याने ट्रे दाबून पाहिला. ट्रे हलला नाही. मग कोपऱ्यातला पाट उचलून त्याने आत ठेवला. पाटाचं एक टोक काठावरच अडकलं.

"माझी आईसुद्धा बसूनच आंघोळ करायची," तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसलो. "तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मला माफ करा."