मागचं चाक बघा

आधीच सांगून टाकते. लिंबू-मिरची मी फक्त जेवणात वापरते. राजारामपुरीत आठवी ते दहावीचे गणिताचे क्लासेस घेते, आणि उत्तर आलं पण पायऱ्या दाखवल्या नाहीत तर मी मार्क देत नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर मी हसतच आले आहे. भूत दिसलेला माणूस नेमका एकटा कसा असतो, त्याचा मोबाईल तेव्हाच कसा बंद पडतो... वगैरे. तेव्हा आज ज्यांना मला हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्याकडेही उत्तर आहे, पायऱ्या नाहीत.

गोष्ट गेल्या ऊसतोडीच्या हंगामातली. तेव्हा टीव्हीवर एक थ्रिलर मालिका चालू होती. नाव लिहीत नाही, कोल्हापूरकरांना लगेच कळेल, कारण शूटिंग इथलंच, आणि निम्मे कलाकारही इथलेच. गोष्ट एका खुन्याची. हा खुनी चाकू घेऊन अंधारात उभा वगैरे राहायचा नाही. भरदुपारी, डोक्याला पांढरी टोपी, जुनी निळी मोपेड, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, असा तो तुमच्या गाडीच्या शेजारी यायचा आणि अगदी काळजीच्या आवाजात म्हणायचा, “पावणं, मागचं चाक बघा.” पावणं बिचारं गाडी बाजूला घ्यायचं, उतरून वाकायचं... आणि मग जाहिराती.

आता हे आमच्याकडे किती लागू पडतं बघा. कोल्हापुरात तुम्ही गाडीवरून निघालात आणि स्टँड काढायचं राहिलं, तर चौकापर्यंत जाईतो चार जण ओरडून सांगतात. पदर चाकाकडे लोंबत असेल, दिवसा लाईट चालू राहिला असेल, डिकी उघडी असेल, अनोळखी माणूस गाडी दामटून तुम्हाला गाठतो, सांगतो आणि निघून जातो. आभार मानायलाही थांबत नाही. नको इतकी चौकशी करणारं गाव आहे, पण त्या चौकशीनं कित्येकांची हाडं शाबूत राहिली आहेत. लेखकानं नेमकं तेच उचललं होतं. मालिका गाजली आणि लोक सांगणाऱ्याकडे संशयानं बघायला लागले. माझ्या क्लासमधल्या एका मुलीची आई तर, कुणी “वहिनी, स्टँड!” म्हणाला म्हणून घाबरून ॲक्सिलरेटर पिळून पळाली आणि वळणावर आपटली. आम्ही क्लासमध्ये त्यावर भरपूर हसलो. मालिका मी एकही भाग न चुकवता बघत होते.

त्या रविवारी नणंदेकडे जायचं होतं, बिद्रीच्या पुढे त्यांचं गाव आहे. नवीन घराची वास्तुशांत. गाडीत मी, शेजारी सासूबाई आणि मागे माझी सातवीतली मुलगी ऋतुजा. आमचे हे कामामुळे दुसऱ्या दिवशी येणार होते. आदल्या संध्याकाळी चाक पंक्चर सापडलं, तेव्हा ह्यांनी “एवढ्याशा कामाला माणूस कशाला?” म्हणून स्वतः स्टेपनी बसवली होती. हात काळे करून, घाम पुसत, मोठ्या रुबाबात. मी चहासुद्धा करून दिला होता.

कळंबा मागे पडला. दुपारची वेळ, ऊन चांगलं होतं. उसाच्या ट्रॉल्या अधूनमधून लागत होत्या, त्या ओलांडल्या की रस्ता मोकळा. सासूबाई नणंदेच्या फरशीबद्दल बोलत होत्या, मी हूं हूं करत होते. आणि आरशात मला ती मोपेड दिसली.

निळी. किटल्या. पांढरी टोपी.

पहिला विचार आला, कुणीतरी थट्टा करतंय. तेवढ्यात ती सासूबाईंच्या बाजूनं शेजारी आली आणि मी चेहरा बघितला. तोच माणूस. मालिकेतला. गालावरच्या त्या दोन खोल सुरकुत्यांसकट. हात लांब करून तो आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवत होता.

तो नट आहे, इथलाच आहे, हे मला पक्कं माहीत होतं. पण महिनाभर ज्याला माणसं मारताना बघितलंय तो खिडकीशी आल्यावर डोकं गणित करत नाही. मी वेग वाढवला. मोपेड मागे पडायला हवी होती. नाही पडली. किटल्या लावलेली जुनी मोपेड माझ्या गाडीच्या बरोबरीनं येत होती, आणि हे विचित्र आहे हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.

सासूबाई मालिका बघत नाहीत. साडेआठला जेवून झोपतात. त्यांना तो कुणीतरी दूधवाला वाटला. त्यांनी काच खाली केली.

“मावशी, गाडी थांबवा,” तो म्हणाला. “मागचं चाक हलतंय. लेकरू हाय मागं, लेकरू.”

“वैशाली, थांब की. त्यो बाबा कायतरी सांगतोय.”

“आई, काच वर घ्या. तो मालिकेतला खुनी आहे.”

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की लग्नाच्या वेळी चौकशी कमी पडली का, असा प्रश्न त्यांना पडला असावा. “खुनी असू दे न्हाईतर कोण असू दे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या डोळ्यांत पाणी हाय. थांबीव गाडी.”

मी थांबवली. सासूबाईंच्या शब्दाला मान देऊन नव्हे, तर त्यांचा हात हँडब्रेककडे जायला लागला म्हणून. समोर एक गुऱ्हाळ होतं, चार माणसं दिसत होती, त्या धीरावर थांबवली.

उतरून मागे गेले. स्टेपनीचा एक नट जागेवर नव्हताच. बाकीचे मी बोटांनी फिरवले आणि ते फिरले. ऋतुजा ज्या बाजूला बसली होती तेच चाक. ह्यांनी जॅक उतरवल्यावर पान्यानं शेवटचं आवळायचं राहिलं होतं, बहुधा मी चहा घेऊन आले तेव्हाच. मी तिथंच रस्त्याकडेला मातीत बसले. पोरगी कानात इअरफोन घालून मान डोलवत होती आणि मी त्या रिकाम्या भोकाकडे बघत होते.

गुऱ्हाळावरचा एक ट्रॅक्टरवाला पाना घेऊन आला. नट आवळता आवळता म्हणाला, “म्होरं उतार हाय ताई. तुमच्या आधी चाकच बिद्रीला पोचलं असतं.”

मी विचारलं, तो मोपेडवाला कुठं गेला?

“कंची मोपेड? तुमचीच गाडी दिसत हुती लांबून. भरधाव यायलीय म्हणून तर बघत हुतो.”

रस्ता दोन्हीकडे सरळ होता आणि मोकळा होता. असेल शेतातल्या एखाद्या पाणंदीत वळला, मी म्हटलं. ऋतुजाला विचारलं तर तिनं कुणालाच बघितलं नव्हतं. पण तिचं काय, हातात मोबाईल असला की तिला हत्तीही दिसायचा नाही. सासूबाई मात्र ठाम. त्यांनी माणूस बघितला होता, आवाज ऐकला होता, आणि डबाभर पेढे घेऊन त्याच्या घरी जायचं हेही त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. पत्ता मिळायला त्रास पडला नाही, क्लासमधल्या एका मुलाचे वडील नाटकवाले, त्यांनी दिला. फुलेवाडीत दोन खोल्यांचं घर. दार त्यांच्या मुलीनं उघडलं, माझ्याच वयाची, हातात भांडं घासायची घासणी. आम्ही आत गेलो आणि मी उंबऱ्याच्या आतच थबकले.

तो माणूस समोर कॉटवर पडून होता. एक बाजू पूर्ण गेलेली. तोंड किंचित वाकडं, डोळे आढ्याला.

“दिवाळीपासनं असंच हाय,” मुलगी म्हणाली. “लकवा. कूस बी मीच बदलायची.”

मालिकेचं शूटिंग लकवा होण्याआधीच संपलं होतं, टीव्हीवर ती अजून चालू होती इतकंच. तिला वाटलं आम्ही मालिका बघून भेटायला आलोय, तशी माणसं येत असावीत. तिनं चहा टाकला आणि आपणहूनच सांगायला लागली.

“बाबा जन्मभर कारखान्यात. नाटकाचा नाद, जत्रंत कामं करायचं. सिरियलीत घेतल्यावर हरकलं हुतं. पर पयला भाग लागला आन् लोकं बिचकाय लागली त्यास्नी. एकदा एका बाईचा पदर चाकात चाललेला बघून ह्येंनी गाडी दामटली, सांगाय गेलं. बाईनं तोंड बघितलं आन् पळालीच. ह्येंच्या डोळ्यादेखत पडली. हाताचं हाड मोडलं तिचं. बाबा घरला आलं ते जेवलंच न्हाईत. म्हनलं, माझ्यामुळं आता कोण कुनाचं ऐकंना झालंय. तिथनं आठच दिवसांत ह्यो झटका.”

“बोलतात का?” सासूबाईंनी विचारलं.

“येकच बोलत्यात. त्यो डायलॉग. पावणं, मागचं चाक बघा. सारखं न्हाई, मधनंच कवातरी लागतंय खूळ. डाक्टर म्हनतोय, डोक्यात तेवढंच ऱ्हायलंय.” तिनं कप पुढे केले. “पर गेल्या रविवारी निराळंच म्हनत हुतं. दुपारी. लेकरू हाय मागं, लेकरू हाय, असं. इतकं मोठ्यानं की शेजारची माणसं आली. त्ये तर सिरियलीत न्हाई. मी सगळे भाग बघिटल्यात. घामानं भिजलं हुतं. मग एकदम गप झालं आन् डोळं मिटून शांत निजलं, संध्याकाळपतोर. इतकं चांगलं निजल्यालं मी दिवाळीपासनं बघिटलं न्हवतं.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पेढ्यांचा डबा मांडीवरून खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. रस्ता, मोपेड, काच, लेकरू. ऐकून झाल्यावर म्हणाली, “बाबा कॉटवरनं हलल्यालं न्हाईत ओ मावशी.” मग तिथंच उकिडवी बसून रडली. आनंदानं की भीतीनं, तिलाही सांगता आलं नसतं.

मी हे सगळं पुष्कळ तपासून बघितलंय. दिसायला सारखा दुसरा माणूस असेल. सासूबाईंनी जे ऐकलं तेच मी ऐकलं असं नंतर वाटलं असेल. रविवार हा योगायोग असेल. एकेक करून सगळं सुटतं, एकत्र घेतलं की सुटत नाही. यापुढे माझं डोकं चालत नाही, आणि तसं म्हणायला मला आता लाजही वाटत नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

आम्ही निघायला उठलो आणि कॉटवरून आवाज आला. घोगरा, ओढून काढलेला. “पावणं... मागचं चाक बघा.”

“झालं सुरू,” मुलगी सवयीनं बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

“पावणं... थांबा... ओ पावणं...”

कपाळावर घाम आला होता. चांगला हात चादरीवरून पुढे पुढे सरकत होता, बोट कशाकडे तरी दाखवत होतं. तिथं भिंत होती फक्त. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा तो हात हातात घेतला. “सांगा दादा,” म्हणाल्या. “सांगत ऱ्हावा. ऐकतील.”

मी देवाला फारसं काही मागत नाही. त्या खोलीत उभी राहून मी मागत होते. कुठल्या रस्त्यावर कोण आहे ठाऊक नाही, पण बाबा रे, थांब. त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, टीव्हीत काय बघितलंस ते विसर, आणि थांब.

बराच वेळ ते सांगत होते. मग एकदम गप्प झाले.

“निजलं,” मुलगी सुटल्यासारखी म्हणाली. ती दारातून बोलत होती, तिला तिथून दिसत नव्हतं.

आम्ही दोघी कॉटजवळ होतो. ते झोपले नव्हते. डोळे सताड उघडे होते, आणि कडेनं पाणी उशीवर चाललं होतं. सासूबाईंनी पदरानं ते पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पेपर पडला. मी तो उचलला आणि घडी न मोडता, कुठल्या रस्त्याची बातमी आहे ते न बघता, रद्दीच्या तळाशी घातला.

चहा घेताना सासूबाईंनी विचारलं, “पेपर न्हाई आला आज?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यांनी परत विचारलं नाही.